हातासाठी मागणं

विठ्ठला, हाताने कोणी मरत नाही.

ऑपरेशन थिएटरात, आमच्या ओटीत, हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतं, मीही म्हणते, आणि ते खोटं नाही. सकाळी लिस्ट लागते तेव्हा वर खुब्याचा सांधा असतो, त्याखाली मांडीतला रॉड, मग मणका, मग कोपर. हाताची केस तळाला. मध्येच होशंगाबाद रोडवरून एखादा अपघात येतो आणि तळाचं नाव उद्यावर जातं. उद्या दुसरा अपघात येतो. मी कुणाला बोल लावत नाही, देवा. ज्याच्या मांडीत लिटरभर रक्त साचलंय त्याला आधी घ्यायलाच हवं. पण मोडलेलं बोट घेऊन वऱ्हांड्यात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशीही ऑपरेशनसाठी म्हणून उपाशी राहतो, आणि संध्याकाळी त्याला सांगतात, खा लो भैया, कल देखेंगे. तो भांडत नाही. हाताने कोणी मरत नाही हे त्यालाही माहीत असतं.

म्हणून मी तुझ्याकडे आले. हृदयासाठी तुझ्याकडे घरंच्या घरं येतात. बायपास चालू असली की बाहेरच्या बाकावर जप सुरू होतो, पोथी निघते, कुणी गुरुवार धरतं, कुणी पायी वारीचा नवस बोलतं. करंगळीच्या हाडासाठी कुणी नवस बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्याचं बोट मोडतं तो स्वतःच बस पकडून येतो, हात गमछ्यात बांधून, आणि पहिलं विचारतो ते सुट्टीचं. त्याच्यासाठी मागणारं कोणी नसतं. मी मागते. तेवढं मला मागू दे.

तू मला ओळखतोस. पिपलानीतल्या भेल कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या फळीवर तू होतास. आजीने पंढरपूरहून आणलेला, वीतभर उंचीचा, काळा. भोपाळला कारखाना उभा राहिला तेव्हा कुठून कुठून माणसं आली, त्यांत वऱ्हाडातून माझे वडील आले आणि त्यांच्या ट्रंकेत तू आलास. तेव्हापासून तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतोयस आणि मी तुझ्या हातांकडे. लहानपणी मला वाटायचं, हा हात कधी खाली घेत नाही, याचे खांदे दुखत कसे नाहीत? आजीला विचारलं तर ती म्हणाली, दुखत असतील, पण सांगणार कुणाला?

मी सर्जन नाही, हे तुला सांगायला नको. मी ट्रॉलीच्या या बाजूला उभी राहणारी सिस्टर. मागतील ते हातात ठेवायचं, वापरून झालं की परत घ्यायचं, मोजायचं. तारा मोजायच्या, स्क्रू मोजायचे, गॉज मोजायचे, आणि टाके घालण्याआधी मोठ्याने सांगायचं की मोजणी बरोबर आहे. माझ्या हातून कुणाचं हाड जुळत नाही. माझ्या हातून नुसत्या वस्तू जातात. तुझ्या कामात मी एवढीशी आहे, आणि मला ते पुरतं. काही दिवस पुरत नाही, तेही तुला माहीत आहे. ज्या दिवशी पेशंटची आई बाहेर साहेबांच्या पाया पडते आणि मी बाजूने सलाईनचा स्टँड ढकलत जाते, त्या दिवशी मनात काहीतरी टोचतं. ते काढून टाक. फार खोल नाहीये.

सत्तावीस हाडं दिलीस तू एका हाताला. मनगटात आठ, तळहातात पाच, बोटांत चौदा. अंगठ्याला दोन पेरं दिलीस, बाकीच्यांना तीन-तीन. दोन्ही हातांची मिळून चोपन्न; म्हणजे अंगात दोनशे सहा हाडं, त्यातला चौथा हिस्सा आणि वर थोडा तू या दोन हातांत घातलास. मांडीला एकच दिलंस. तुझा जीव कशात आहे ते मला त्यावरून कळतं.

त्याबद्दल तुझे आभार. पेरांबद्दल आभार. नखाखालच्या त्या शेवटच्या इवल्या हाडाबद्दल आभार, जे दारात चेंगरतं आणि बहुतेकदा आपलं आपण सांधतं. सुश्रुताला तू दृष्टी दिलीस, त्याने एकशे एक यंत्रं मोजली आणि त्या सगळ्यांत हात श्रेष्ठ मानला. तोच पुढे मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या आणि वडा-पिंपळाच्या साली बांधायला सांगतो. त्याच्याकडे तार नव्हती, चित्र नव्हतं; बोटांनी चाचपून त्याला आतलं दिसायचं. आणि १८९५च्या नोव्हेंबरात जर्मनीत रोंटगेनला ते नवे किरण सापडले, आणि डिसेंबरात त्याने बायकोचा हात पुढे घेतला. काचेवर तिची हाडं उमटली, बोटातल्या अंगठीसकट. जगभर ते चित्र गेलं. लोकांनी माणसाच्या आत पहिल्यांदा पाहिलं ते हाताच्या रूपाने, हे तू ठरवून केलंस का? मला वाटतं, केलंस.

आम्ही मात्र अंगठी आधी काढून घेतो. सूज चढलेली असते. साबण लावतो, दोरा गुंडाळून सरकवून बघतो, नाहीच निघाली तर छोट्या चक्रीने कापतो. हाड मोडल्यावर न रडलेल्या बायका तेव्हा रडतात. त्या क्षणी त्यांच्याजवळ राहा. मला तिथे काय बोलावं ते सुचत नाही, मी फक्त कापलेली अंगठी कागदात बांधून नातेवाइकाच्या हातात देते आणि रजिस्टरवर सही घेते.

आता वडिलांच्या बोटाचं सांगते. तू पाहिलंयस, तरी सांगते.

तरुणपणी गावात बैलगाडीच्या जोखडाखाली त्यांचा उजवा हात आला होता. अनामिकेच्या खालचं, तळहातातलं हाड मोडलं. हाडवैद्याने चोळून, लेप लावून बांधलं, हाड जुळलंही. पण जुळलं ते पिळात. उघडा हात बघितला तर काही कळायचं नाही, पाची बोटं सरळ. मूठ मिटली की अनामिका करंगळीवर चढून बसायची. त्यांनी आयुष्यभर त्या हाताने पाना धरला, स्कूटर चालवली, माझे अॅडमिशन फॉर्म भरले. फक्त सकाळी सूर्याला अर्घ्य देताना ओंजळ गळायची. ते ओठांत मंत्र म्हणायचे आणि पाणी मंत्राआधीच मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. ते बनियनला कोपर पुसायचे आणि पुन्हा ओंजळ भरायचे. तुला ते अर्घ्य पोहोचत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पोहोचतच असणार. पण मला ते पाणी ओघळताना बघवायचं नाही.

पुढे नोकरीत कळलं की तळहातातल्या हाडात पाच अंशांचा पीळ राहिला, तर मूठ मिटताना बोटाचं टोक दीड सेंटिमीटर शेजारच्या बोटावर जातं. पाच अंश, देवा. पाच अंश डोळ्यांना दिसत नाहीत. एक्स-रेवरही पटकन दिसत नाहीत. बोटं मिटली की दिसतात.

म्हणून माझं पहिलं मागणं हे. पीळ राहू देऊ नकोस.

लांबी मिलिमीटरभर कमी झाली तर चालेल. व्रण राहिला तर राहू दे. थंडीत दुखलं तर दुखू दे. पीळ तेवढा राहू देऊ नकोस.

मागच्या आठवड्यात तू तो जरदोजीचं काम करणारा मुलगा आमच्याकडे पाठवलास, जुन्या भोपाळातला. नाव तुला ठाऊक आहे. उजव्या तर्जनीचं मुळाजवळचं पेर मोडलेलं, मोटारसायकल घसरून. तो मला सांगत होता, कापड अड्ड्यावर ताणलेलं असतं, डावा हात खालून धागा पुरवतो आणि उजव्या हातातली आरी वरून टोचून धागा ओढून घेते. खालचा हात दिसत नाही, वरचा चुकला तर सगळं चुकतं. शादीचा सीझन होता. त्याच्या बोलण्यात बोट कमी आणि सीझन जास्त होता.

त्याला पूर्ण भूल दिली नव्हती. हातातच बधिर करायचं इंजेक्शन, त्यात रक्त कमी वाहावं म्हणून औषध मिसळलेलं. त्यामुळे दंडाला पट्टा आवळावा लागला नाही आणि बोटं हलवायची ताकद शाबूत राहिली. तो जागा होता. छताकडे बघत होता. मी लेड अॅप्रनचं ओझं खांद्यावर घेतलं, बीटाडीनने कोपरापर्यंत हात रंगवला, हिरवे टॉवेल टाकले. साहेबांनी बोट ओढून, दाबून हाड जागेवर आणलं. सी-आर्मच्या, म्हणजे फिरत्या एक्स-रेच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या सावल्या हलल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी तार ठेवली. बारा दशांश मिलिमीटर जाडीची, टोकाला धार असलेली, दाभणापेक्षा कितीतरी बारीक. १९०९ साली किर्शनर नावाच्या जर्मन सर्जनाने अशा तारा पहिल्यांदा आणल्या आणि आजही आम्ही त्याच्याच नावाने के-वायर म्हणतो. ड्रिलचा आवाज बारीक येतो. हाडाच्या एका भिंतीतून तार शिरते तेव्हा आवाज जड होतो, पोकळीत गेली की हलका, दुसरी भिंत लागली की पुन्हा जड. साहेब पडदा बघतात. मी आवाज ऐकते. दुसरी तार पहिलीला छेद देऊन गेली.

मग साहेब म्हणाले, "भैया, अब मुट्ठी बांधो."

विठ्ठला, त्या क्षणी मी तुला हाक मारते. प्रत्येक वेळी मारते. मास्कच्या आत ओठ हलतात, कुणाला दिसत नाही. रंगवलेला, तारा टोचलेला तो हात टॉवेलवर पडलेला असतो आणि माणूस घाबरतो. त्याला वाटतं, मिटला की मोडेल. मग बोटं हळूहळू खाली येतात. करंगळी येते, अनामिका येते, मधलं येतं. सुजलेली तर्जनी सर्वांत शेवटी येते. मिटणाऱ्या बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या एका जागेकडे वळलेली हवीत. त्या मुलाची वळली. तर्जनी शेजारच्या बोटाला लागून सरळ उतरली, चढली नाही, पळाली नाही. साहेबांनी नुसतं "हं" केलं आणि तारेचं टोक वाकवायला पक्कड मागितली. तेवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. मी पक्कड दिली.

तुझे आभार. त्या "हं" बद्दल तुझे आभार.

तेरच्या गोरोबाकाकांचे हात तू एका कीर्तनात परत दिलेस, असं आजी सांगायची. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःच तोडून टाकले होते. पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन रंगलं, टाळी वाजवायला त्यांनी थोटे खांदे उचलले आणि हात फुटले. मला ती गोष्ट खरी वाटते. पण आमच्याकडे कीर्तन पुरत नाही, महाराज. आमच्याकडे हाडाच्या दोन तुकड्यांमध्ये आधी रक्ताची गाठ होते, मग मऊ सांधा, मग कठीण; चार आठवडे तार राहते, आणि हात पूर्वीसारखं ओझं उचलायला लागेपर्यंत महिने जातात. तू घाई करावीस असं मी म्हणत नाही. मध्येच थांबू नकोस, एवढंच म्हणते.

एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मान वर होत नाही. कधी कधी मी सकाळी तुझ्यापुढे दिवा लावताना मागते की आज हायवेवर काही होऊ नये. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढी दया. पण त्यात त्या गाडीतल्या माणसांचा विचार कमी असतो. लिस्ट पुढे सरकावी, हाताची केस आजच व्हावी, मी वेळेत घरी जावं, असं ते मागणं असतं. माणसाच्या जिवाची आणि माझ्या घड्याळाची अशी गाठ मी तुझ्यापुढे घालते. तू ते मागणं ऐकतोस तेव्हा त्यातलं जे चांगलं असेल तेवढं घे. आणि मी पेशंटला "केस" म्हणते, त्याचंही काय करायचं ते बघ. ओटीत सगळेच म्हणतात. म्हटल्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत.

आणखी कुणाकुणासाठी मागू?

ती पोरं आहेत ना, ज्यांच्या करंगळीखालचं हाड मानेशी वाकलेलं असतं आणि जी सांगतात की बाथरूममध्ये घसरलो. साहेब मान हलवतात, लिहून घेतात. आम्हाला माहीत असतं, हे हाड भिंतीवर मूठ मारली की मोडतं. कुणाचा निकाल लागलेला असतो, कुणाचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं, कुणाचा बापाशी वाद. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. प्लास्टर आणि थोडी शरम पुरते. ती मूठ आधी कुणावर उगारली होती, ते तुला ठाऊक. ती शेवटी भिंतीकडे वळली, त्याबद्दल तुझे आभार.

ऐशबागच्या मैदानावर हॉकी खेळणारी मुलं. या गावात हॉकी अजून घराघरात आहे. स्टिकच्या दांड्यावरचं बोट चेंडू आणि लाकूड यांच्यामध्ये सापडतं. ती मुलं हाड मोडल्यावर फक्त पुढच्या मॅचची तारीख विचारतात. त्यांना धीर दे. म्हणजे थांबायचा धीर. दुसरा त्यांच्याकडे भरपूर आहे.

आणि मार्च-एप्रिल आला की तू माझ्याजवळ राहा. सिहोर-रायसेनकडचा शरबती गहू मळणीला येतो. त्या गव्हाची पोळी सगळ्या देशाला आवडते. थ्रेशरमध्ये पेंढी सारता सारता बाही ओढली जाते, कधी ओढणी, कधी हातमोजा. तसा हात आला की हाड जोडणं फार नंतर येतं. आधी धुणं. लिटरवर लिटर सलाईन. त्यातून भुसा निघतो, ग्रीस निघतं, एकदा गव्हाचा अख्खा दाणा निघाला. मंडीदीपच्या आणि गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतूनही असे हात येतात, प्रेसखाली आलेले. त्यांत भुसा नसतो, बाकी तेच. तेव्हा साहेबांच्या तोंडून "हे बोट जाणार" हे लवकर येऊ देऊ नकोस. पण जे जाणारच आहे त्याच्यासाठी त्यांना रात्रभर झुंजवू नकोस, कारण शेजारचं वाचणारं बोट वाट बघत असतं. कुठलं कुठलं, हे त्यांना दाखव. त्यांना वाटू दे की ते त्यांनीच ओळखलं.

कधी कधी मला या सगळ्याची लाज वाटते.

१९८४च्या डिसेंबरात विषारी वायू सुटला त्या रात्री या गावाने तुझ्याकडे श्वास मागितला होता. माझ्या आधीच्या एक मोठ्या सिस्टर त्या रात्री हमीदिया हॉस्पिटलात ड्यूटीवर होत्या. त्यांनी मला तार कशी धरायची ते शिकवलं, गॉज कसे मोजायचे ते शिकवलं. त्या रात्रीबद्दल त्यांनी कधी एक वाक्य पूर्ण केलं नाही. तुझं त्या रात्रीचं काय ते तुझ्यापाशी. मी विचारायला आलेली नाही. पण ज्या गावात माणसांनी तुझ्याकडे एक घोट हवा मागितली, त्या गावात मी मनगटातल्या काजूएवढ्या हाडासाठी तुझा दरवाजा ठोठावते, तेव्हा जीभ अडते.

आणि तरी ठोठावते. त्या काजूएवढ्या हाडाचं नाव स्कॅफॉइड. पडताना माणूस तळहात टेकतो आणि ते मधोमध चिरतं. त्याला रक्त उलट्या बाजूने येतं, बोटांकडच्या टोकातून शिरून मागे. चीर पडली की मनगटाकडचा तुकडा कोरडा पडतो. पहिल्या एक्स-रेत ती चीर पुष्कळदा दिसतही नाही. त्याच १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या टिमोथी हर्बर्टने आपल्या स्क्रूचे निकाल छापले. त्या स्क्रूला डोकं नाही, म्हणून तो हाडात पूर्ण बुडतो. दोन टोकांना आटे असतात, एका टोकाचे दाट, दुसऱ्याचे विरळ, त्यामुळे फिरवत गेलं की दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. ज्या वर्षी इथे ते घडलं त्याच वर्षी तू दुसरीकडे कुणाला तरी एवढ्याशा हाडाचा विचार करायला बसवलं होतंस. मी या दोन गोष्टींचा हिशेब मांडत नाही. मला तेवढी अक्कल नाही. मला फक्त एवढं दिसतं की तू मोठं-छोटं मोजत असतास, तर बोटांत चौदा हाडं घातली नसतीस.

तेव्हा स्कॅफॉइडला रक्त पोहोचव. आणि त्या माणसाची बिडी सोडव. आम्ही सांगून दमलो. धूर हाडालाही लागतो, हे त्याला पटत नाही.

ऑपरेशननंतरचं मागणं तर राहिलंच. तिथे मी नसते, साहेबही नसतात, तूच असतोस. मनगट थोडं मागे, बोटांच्या मुळाचे सांधे वाकलेले, बोटं सरळ, अशी पट्टी बांधून आम्ही माणसाला घरी पाठवतो आणि सांगतो, जी बोटं मोकळी आहेत ती हलवत राहा. तो हलवत नाही. दुखतं. बाई असली तर घरात सासू असते, ती म्हणते, हलवू नकोस गं, तार निघेल. मायेनेच म्हणते. आणि हाडावरून सरकणाऱ्या दोऱ्या हाडालाच चिकटतात, सांधे आखडतात, एक्स-रे उत्तम येतो आणि मूठ मिटत नाही. मोडलेल्या हाताचा खरा वैरी हा आहे, देवा, मोडणं नव्हे. फिजिओथेरपीच्या खोलीत गरम मेणात हात बुडवून माणसं बसतात, रबरी गोळा दाबतात, डोळ्यांत पाणी येतं. त्यांना रडू दे, पण दाबू दे. त्या सासूच्या तोंडी "हलव, हळूच हलव" असं येऊ दे. सासूचं ती सून ऐकेल, आमचं ऐकत नाही.

सगळ्यांची मूठ पूर्ण मिटणार नाही, हेही मी मनाशी धरून आहे. काहींची पाऊणच मिटते. चहाचा कप धरता येतो, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. ती माणसं माझ्याकडे बघतात, जणू माझ्या ट्रॉलीवर काहीतरी उरलंय जे मी दिलं नाही. त्यांना मी एकदा भोजपूरला घेऊन जावं असं मला वाटतं. तूच आहेस तिथेही, लिंगरूपात, बेतवेच्या काठी. राजा भोजाने अकराव्या शतकात ते देऊळ काढलं आणि ते पुरं झालंच नाही. मागे दगड वर चढवायचा मातीचा उतार अजून तसाच पडून आहे. बाजूच्या खडकांवर पाथरवटांनी कोरलेले आराखडे आहेत, न बांधलेल्या भागांचे. हजार वर्षं तू त्या अर्धवट देवळात राहतोयस, आणि शिवरात्रीला सगळा मुलूख तिथे लोटतो. कळस का नाही म्हणून कुणी परत फिरत नाही. पाऊण मूठवाल्यांना तुझ्या जवळ बसव. मला जे सांगता येत नाही, ते तिथे त्यांना आपसूक कळेल.

साहेबांसाठीही मागते. त्यांची मान दुखते, चष्म्याचा नंबर वाढलाय, सांगत नाहीत. रात्री अकराला सातव्या केसला उभे असतात तेव्हा त्यांचा हात कापत नाही, पण आवाज चढतो आणि तो माझ्यावर चढतो. मला तो गिळायची ताकद दे, किंवा त्यांना झोप दे. दोन्ही दिलंस तर उत्तम.

शेवटचं एक, आणि मग तुला सोडते.

तारा काढायच्या असतात, विठोबा. बाहेर राहिलेलं टोक पकडायचं आणि ओढायचं. ओपीडीत होतं, भूलही लागत नाही, दोन मिनिटांचं काम. पण लोक येत नाहीत. हात बरा वाटायला लागतो, सुट्टी संपते, ठेकेदार म्हणतो, आज गेलास तर उद्या येऊ नकोस. तारेच्या बुडाशी पाणी साचतं, लाल होतं, पू धरतो, आणि जे हाड तू महिनाभर बसून जुळवलंस त्यात तो शिरतो.

मंडीदीपचा एक माणूस आहे, मधल्या बोटात दोन तारा घेऊन फिरतोय. तारीख उलटून गेली. फोन लावला तर बंद. कार्डावरचा पत्ता अर्धा आहे. कारखान्याच्या गेटचं नाव आहे, त्यापुढे काही नाही. तुला पूर्ण पत्ता माहीत असणार. त्याच्या खिशात बसभाडं असू दे. ठेकेदाराचं मन अर्धा दिवस मऊ राहू दे. बोट ठणकू लागलं तर ते गुरुवारी रात्री ठणकू दे, म्हणजे शुक्रवारच्या ओपीडीला तो येईल. शनिवारी अर्धाच दिवस असतो, आणि रविवारी कुणी नसतं.